छटांची खानेसुमारी

पेशवाईच्या दप्तरांतून खानेसुमारीचे जे कागद आढळतात, त्यांत अमुक पेठेत घरे किती, त्यांपैकी कोणत्या धंद्याच्या लोकांची किती, राहती किती व पडकी किती, असा तपशील कारकुनाने मोठ्या निगुतीने मांडलेला असतो. घरपट्टी बसविणाऱ्या अंमलदाराला तेवढी मोजदाद पुरेशी होई. परंतु कोणत्या घराच्या अंगणात वृंदावन होते आणि कोणत्या ओसरीवर संध्याकाळी म्हातारी माणसे बसत, हे त्या कागदावरून कधीही कळावयाचे नाही. फिल्म स्कॅन करण्याच्या यंत्रासमोर बसले असता पडद्याच्या कोपऱ्यात डोंगराच्या रेषेसारखी जी काळी आकृती उमटते, जिला या धंद्यातले लोक हिस्टोग्राम म्हणतात आणि शाळेतील गणिताची पुस्तके आयतालेख, ती पाहताना मला दरवेळी त्या खानेसुमारीची आठवण होते. फारशीत खाना म्हणजे घर आणि कप्पाही. आणि हा आलेख तरी दुसरे काय करतो? निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत 256 खाने ओळीने मांडून, चित्रातील लक्षावधी ठिपक्यांपैकी प्रत्येकाला त्याच्या छटेप्रमाणे एकेका खान्यात टाकतो आणि ज्या खान्यात गर्दी अधिक त्याचा स्तंभ उंच करतो. चित्रात कोणता ठिपका कोठे होता, ही गोष्ट त्या मोजणीत लुप्त होते.

हा विषय मला केवळ कुतूहलाचा राहिला नाही, याचे कारण एक निगेटिव्ह आहे. माझे आजोबा आमच्या वाड्याच्या चौकात बाकावर बसले असता 1958 साली टिपलेले, सहा सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असे ते निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात घरी जपून ठेवलेले होते. काही वर्षांपूर्वी ते मी शहरातील एका दुकानात स्कॅनसाठी दिले. आणि परत जे चित्र आले त्यात चौक, बाक, अंगरख्याच्या बाह्या, सारे काही खणखणीत उमटलेले असूनही आजोबांच्या डोक्यावरचा पांढरा फेटा मात्र कापसाच्या बोळ्यासारखा सपाट, एकाही चुणीवाचून दिसत होता. यंत्र आपोआप छटांच्या हद्दी ठरविते, आणि तसे करताना दोन्ही टोकांचे शेकडा अर्धा किंवा त्याहूनही कमी असे ठिपके बेहिशेबी समजून छाटून टाकण्याचा त्याचा शिरस्ता असतो. फेट्याचे ठिपके चौकाच्या फरसबंदीच्या मानाने मूठभर होते. मोजणीच्या दृष्टीने ते नगण्य ठरले. तेव्हापासून ही मोजणी कोणी आरंभिली, तिच्या टोकाच्या हद्दी कोणी व कशा ठरविल्या, याचा शोध घेण्याचा मला छंद लागला.

त्या शोधात प्रथम जावे लागते ते त्या काळच्या लँकेशायरमधील विडनेस या गावी, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अल्कलीच्या कारखान्यांची धुराडी दिवसरात्र धूर ओकीत असत. तेथील गॅस्केल, डीकन आणि कंपनी या कारखान्यात फर्डिनांड हर्टर हा मूळचा स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेनचा रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंग्रज इंजिनियर असे दोन स्नेही नोकरीस होते. छायाचित्रणाचा नाद ड्रिफील्डला आधीपासून होता, आणि त्यानेच तो हर्टरला लावला. परंतु ज्या धंद्यात तेजाबाचे प्रमाण तोळामाशाने मोजले जाते त्या धंद्यात वाढलेल्या हर्टरला, काचेवर किती वेळ प्रकाश पाडावा हे अनुभवाने, अंदाजाने, किंबहुना नशिबाने ठरविणारी ही कला मोठी बेशिस्त वाटली. कारखान्यातून सुटल्यावर उरणाऱ्या वेळात दोघांनी सुमारे दहा वर्षे प्रयोग केले, आणि 31 मे 1890 रोजी रासायनिक उद्योगांच्या संस्थेच्या नियतकालिकात आपला दीर्घ निबंध प्रसिद्ध केला.

त्यांच्या साधनांपैकी एक मला विशेष प्रिय आहे, आणि ते म्हणजे हर्टरचे हायडेलबर्गमधील गुरू बुन्सेन यांनी प्रचारात आणलेले तेलाच्या डागाचे प्रकाशमापक. कागदावर तेलाचा एक थेंब पाडावा, कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरावा. एका बाजूचा प्रकाश अधिक असेल तर डाग उजळ किंवा काळसर दिसतो, आणि दोन्ही बाजूंचा प्रकाश तंतोतंत समान झाला की डाग दिसेनासा होतो. एका दिव्याच्या वाटेत निगेटिव्हची काच ठेवावी, दुसरा दिवा डाग नाहीसा होईतो मागेपुढे सरकवावा, आणि अंतरावरून त्या काचेने किती प्रकाश अडविला याचे गणित करावे, अशी ही रीत. डोळ्याला किती प्रकाश आहे हे सांगता येत नाही, पण दोन प्रकाश सारखे आहेत की नाहीत हे मात्र तो अचूक सांगतो, या एका निरीक्षणावर सारे शास्त्र उभे राहिले.

या मापनातून त्यांनी घनतेची कल्पना सिद्ध केली. काचेतून प्रकाशाचा दशांश आरपार गेला तर घनता 1, शतांश गेला तर 2, सहस्रांश गेला तर 3. म्हणजे प्रकाश ज्या पटीने अडविला जातो त्या पटीचा लॉगॅरिदम. छायाचित्राचा काळेपणा रुप्याच्या कणांनी निर्माण होतो, आणि ही घनता त्या ठिकाणच्या रुप्याच्या प्रमाणात असते, हे दाखवून त्यांनी छटेला वजन दिले. मग प्रकाशाच्या प्रमाणाचा लॉगॅरिदम आडव्या रेषेवर आणि घनता उभ्या रेषेवर मांडून जी वक्ररेषा त्यांनी काढली ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते: आरंभी मंद चढ, जेथे सावल्यांतील तपशील दबून जातो, मध्ये सरळ चढण, जेथे दृश्यातील प्रत्येक छटेला निगेटिव्हात न्याय्य स्थान मिळते, आणि शेवटी पुन्हा सपाटी, जेथे ढग, चुना आणि धुतलेले कापड एकमेकांत मिसळून जातात. माझ्या आजोबांचा फेटा स्कॅनमध्ये ज्या कारणाने हरवला त्याचे फिल्मवरील भावंड म्हणजे ही वरची सपाटी.

हा निबंध सर्वांच्याच पचनी पडला असे नाही. नॉरफोकच्या दलदलीतील शेतकऱ्यांची व कोळ्यांची अत्यंत कोमल छायाचित्रे घेणारा पीटर हेन्री एमर्सन याने 1889 साली, छायाचित्रण ही निसर्गाशी इमान राखणारी स्वतंत्र कला आहे, असे आग्रहाने प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला होता. हर्टर आणि ड्रिफील्ड यांचे म्हणणे असे की, एकदा प्रकाश पडला की निरनिराळ्या छटांतील परस्परप्रमाण ठरून गेले. प्लेट धुताना कलावंताने कितीही युक्त्या योजल्या तरी ते त्याच्या हातचे नाही. एमर्सनला हे पटले, आणि पटल्यावर तो स्वतःशी खोटे बोलू शकला नाही. ज्या कलेत छटांवर कलावंताची सत्ता चालत नाही ती कला कशाची, असे म्हणून 1891 च्या आरंभी त्याने काळ्या चौकटीचे एक पत्रक काढून आपल्याच सिद्धांताचे मरण जाहीर केले. या निर्णयामागे एका थोर चित्रकाराशी झालेले संभाषणही होते असे तो सांगे. मला एमर्सन चुकला असे वाटते, कारण निगेटिव्ह म्हणजे चित्र नव्हे, आणि त्यापासून छापा काढताना हाताला पुष्कळ वाव उरतो. तथापि आकड्यांपुढे आपले मत मोडले हे इतक्या उघडपणे कबूल करणारा माणूस कलेच्या इतिहासात विरळा.

ज्या वर्षी एमर्सनचे ते पत्रक निघाले त्याच वर्षी, म्हणजे 1891 साली, लंडनच्या ग्रेशम कॉलेजात कार्ल पिअर्सन हा गणिती सामान्य श्रोत्यांसमोर संख्याशास्त्रावर व्याख्याने देत होता. स्तंभांच्या क्षेत्रफळाने वारंवारिता दाखविणाऱ्या आकृत्या त्यापूर्वीही काढल्या जात. पण हिस्टोग्राम हे नाव पिअर्सनने या व्याख्यानांत त्यांना दिले, आणि 1895 साली ते त्याच्या निबंधात छापून आले. विडनेसच्या वक्ररेषेला आणि लंडनच्या या आकृतीला एकमेकींची वार्ताही नव्हती. एक रुप्याचे मोजमाप करीत होती, दुसरी माणसांची, खेकड्यांची आणि दारिद्र्याची. दोघी एका वर्षाच्या अंतराने जगासमोर आल्या आणि त्यांची भेट होण्यास पाऊणशे वर्षे लागावयाची होती.

मधल्या काळात छटांच्या हद्दी ठरविण्याचे काम डोळा आणि हात यांच्याच हवाली राहिले. आपल्याकडे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे आणि त्रिरंगी मुद्रण हाच व्यवसाय करीत होते, आणि त्याच विद्येच्या ओढीने 1909 साली जर्मनीला जाऊन आले; त्या पिढीतील ब्लॉक करणाऱ्या कारागिराला चेहऱ्यावरचा उजेड कागदावर कोठे संपवावयाचा हे जाळीच्या ठिपक्याकडे भिंगातून पाहूनच ठरवावे लागे. अमेरिकेत 1940 च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी हर्टर-ड्रिफील्डच्या वक्ररेषेला छायाचित्रकाराच्या बोलीत आणले. शून्यापासून दहापर्यंत अकरा श्रेणी, प्रत्येक श्रेणीत आधीच्या दुप्पट प्रकाश, आणि मध्ये पाचवा करडा; छायाचित्रकाराने चाप दाबण्यापूर्वीच दृश्यातील कोणती वस्तू कोणत्या श्रेणीत बसवावयाची हे मनाशी ठरवावे. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र 1941 साली टिपताना अ‍ॅडम्सला प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता एका चौरस फुटास 250 कँडल असते हे स्मरणातून काढून त्याने हिशेब केला. चंद्र साधला, खालची घरे व क्रूस निगेटिव्हात फिके राहिले, आणि 1948 साली त्याला तेवढाच भाग रसायनाने अधिक दाट करावा लागला. आज पडद्यावरचा करडा त्रिकोण बोटाने सरकविणाऱ्याने हा उपद्व्याप एकदा तरी आठवावा असे मला वाटते.

दोन प्रवाहांच्या संगमाची वाट 1957 साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मोकळी झाली. रसेल कर्श याने तेथील सीॲक नावाच्या संगणकाला चित्र दाखविण्याचे मनात घेतले, आणि त्यासाठी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे पाच सेंटिमीटरचे छायाचित्र एका फिरत्या नळकांड्यावर चिकटविले. नळकांडे फिरे, प्रकाशाचा बारीक ठिपका चित्रावरून सरके, परतलेला उजेड प्रकाशविद्युत नळी टिपे. अशा 176 ओळी, प्रत्येक ओळीत 176 ठिपके, म्हणजे एकूण 30,976. परंतु यंत्राला प्रत्येक ठिपक्याबद्दल एवढेच सांगता येई, की तो ठरावीक उंबरठ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, म्हणजे काळा की पांढरा. बाळाचा गाल आणि दुपट्याची सावली एकाच काळेपणात बुडाली. तेव्हा कर्शने तेच चित्र उंबरठा बदलून पुनःपुन्हा वाचून घेतले आणि त्या वाचनांची बेरीज करून मधल्या करड्या छटा मिळविल्या. पातळी ठरविणे हा शब्दप्रयोग आज आपण ज्या अर्थाने करतो त्याचे मूळ मला येथे दिसते: स्कॅनरचा पहिला प्रश्नच हा होता की काळे कोठे संपले असे समजावयाचे.

पुढे 14 जुलै 1965 रोजी मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या प्रत्येक चित्रात 200 गुणिले 200 ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला शून्यापासून 63 पर्यंत एक आकडा. सेकंदाला सुमारे 8.33 बिट या गतीने एक चित्र पृथ्वीवर पोहोचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील इंजिनियरांना एवढा धीर निघाला नाही. त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटविल्या, रंगाच्या दुकानातून खडू आणले आणि अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत पिवळा, पुढे तांबूस, पुढे तपकिरी, असे ठरवून हाताने मंगळ रंगविला. मोजलेल्या छटांना खान्यांत विभागून प्रत्येक खान्याला रंग देण्याचे हे काम पाहिले की वाटते, पिअर्सनच्या आकृतीचे मर्म त्या माणसांच्या बोटांत उतरले होते. यानाच्या चित्रांत काळ्या-पांढऱ्यातील अंतर अतिशय थोडे होते. संगणकाने ते आकडे ताणून पूर्ण पल्ल्यावर पसरविले तेव्हा खड्डे स्पष्ट झाले. त्यानंतरच्या वर्षांत उपग्रहांच्या चित्रांवर हीच क्रिया नित्याची झाली, आणि ताणण्यापूर्वी त्या आकड्यांची खानेसुमारी पाहण्याचा शिरस्ता पडला.

हा शिरस्ता प्रयोगशाळेतून सामान्य माणसाच्या मेजावर आणला तो मिशिगनच्या नोल बंधूंनी. त्यांच्या प्राध्यापक वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती, आणि तेथेच थॉमस नोलने रंग व कॉन्ट्रास्ट यांचे धडे गिरविले. 1987 साली डॉक्टरेटचा अभ्यास करीत असता त्याच्या मॅकिन्टॉश संगणकाचा पडदा केवळ काळा आणि पांढरा दाखवी. त्यावर करड्या छटा दाखविण्यासाठी त्याने एक लहानसा प्रोग्राम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यचमत्कारांचे काम करणारा धाकटा भाऊ जॉन एकेक मागणी करीत गेला. त्या ओघात लेव्हल्स नावाची ती खिडकी तयार झाली, जिच्यात वर हिस्टोग्राम आणि खाली काळा, करडा व पांढरा असे तीन त्रिकोण असतात. त्या प्रोग्रामच्या पहिल्या सुमारे 200 प्रती 1989 साली बार्नीस्कॅन नावाच्या स्लाइड स्कॅन करणाऱ्या यंत्राबरोबर वाटल्या गेल्या. फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबी कंपनीने तो फोटोशॉप या नावाने बाजारात आणला. लेव्हल्सचा आणि फिल्म स्कॅनिंगचा संबंध असा जन्मापासूनचा आहे.

ही रीत वापरणारा पुढे स्वतःच काही गोष्टी शिकतो. 256 खान्यांतील चित्र ताणले की मधले काही खाने रिकामे पडतात आणि डोंगराच्या जागी दात पडलेली फणी दिसू लागते. म्हणून स्कॅन शक्यतो 65,536 खान्यांत करावा आणि ताणणे संपल्यावर मगच 256 वर यावे. रंगीत निगेटिव्हाचा गमतीदार नारिंगी मुखवटा, जो रंगद्रव्यांतील दोष झाकण्यासाठी कोडॅकच्या हॅन्सन या रसायनशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात योजला, तो निळ्या प्रकाशाचा आलेख एका कडेला ढकलून देतो. तेथे तिन्ही रंगांच्या हद्दी एकदम न सरकविता एकेकीचा स्वतंत्र न्याय करावा लागतो.

आणि चित्रपटाच्या संग्रहांत तर चक्र फिरून विडनेसलाच येते. कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीने, जिच्या साह्याने 1937 चा स्नो व्हाइट हा चित्रपट 1993 साली सबंध स्कॅन होऊन सुधारला गेला, ठिपक्यात उजेड नोंदविण्याऐवजी घनता नोंदविली: 1,024 पायऱ्या आणि प्रत्येक पायरी घनतेच्या 0.002 एवढी. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी तेलाच्या डागाने जे मोजले तेच येथे आकड्यांत भरले जाते. अशा स्कॅनचा आलेख मध्येच आखडलेला आणि चित्र दुधी, निस्तेज दिसते, कारण फिल्मवर जे आहे ते दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून जसेच्या तसे दप्तरी दाखल करावे, हद्दीचा निवाडा मागाहून करावा, असा जतनाचा दंडक आहे. पुण्यात 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रभातच्या काळापासूनचा जो ठेवा आहे, त्याच्या बाबतीत हा दंडक पाळला जाणे मला अगत्याचे वाटते. एकदा छाटलेली छटा पुन्हा मिळविण्यासाठी मूळ फिल्म तोवर टिकलेली असेलच, याची हमी कोणी द्यावी?

आजोबांचे निगेटिव्ह मी अखेर स्वतः स्कॅन केले. निगेटिव्हाची कोरी कड, जेथे उजेड कधी पडलाच नव्हता, ती काळ्याची हद्द म्हणून धरली आणि काळा त्रिकोण तिच्याही किंचित बाहेर ठेवला. पांढऱ्याच्या बाजूला आलेखाचा डोंगर उतरून जमिनीला टेकल्यासारखा दिसत होता, आणि यंत्र त्रिकोण तेथेच आणून ठेवीत होते. मी आलेख उभ्या दिशेने मोठा करून पाहिला, तेव्हा त्या टेकलेल्या जागेच्या पलीकडे मुंग्यांच्या रांगेसारखे ठेंगणे स्तंभ दूरवर गेलेले दिसले. चित्रात त्या भागावर बोट ठेवले तर तो फेटा होता. मी पांढरा त्रिकोण त्या रांगेच्या शेवटापर्यंत नेला. चौक थोडा काळवंडला, तो करड्या त्रिकोणाने जागेवर आणला. उजव्या कानावरून वर गेलेल्या तीन चुण्या मला घरातल्या जुन्या छाप्यावरून ठाऊक होत्या. त्यांच्या वर, कपाळाच्या अगदी लगत, एक चौथी दिसली, आणि तिच्यात खोचलेले शेवाचे टोक.